डिलिव्हरी काउंटरवर मारलेले दहा

नोकरीच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त झालेला असावा, किंवा निदान त्यानं पोटभर नोकरी केलेली असावी. माझी नोकरी एक वर्ष सात महिन्यांची. वय एकवीस, आणि अजून शिकतोय. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे छापून येणारं काही लिहायचं असेल तर आधी कुणाला विचारावं लागतं का, हेही मला माहीत नव्हतं. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "बिराप्पा, तू वर्गात जे सांगितलंस ते तसंच लिहून दे, दिवाळी अंकाला पाठवू." मी म्हणालो, "मॅडम, त्यात माझी चूकच जास्त आहे." त्या म्हणाल्या, "मग तर लिहीच." म्हणून लिहितो. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी असेल. त्यांनी मला सांभाळून घ्यावं.

मी सोलापूरजवळच्या वळसंगचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. सकाळी कॉलेज, आणि दुपारी बारापासून संध्याकाळी सातपर्यंत शहराबाहेरच्या एका मोटारींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, असं माझं चाललं होतं. वर्कशॉप म्हटलं की लोकांना काळे हात आठवतात. माझे हात कधी काळे झाले नाहीत. मी डिलिव्हरी काउंटरवर होतो. दुरुस्त होऊन, धुऊन आलेली गाडी गिऱ्हाईकाच्या ताब्यात द्यायची, काय काम केलं ते कागदावरून वाचून दाखवायचं, किल्ली द्यायची. त्या कागदाला जॉब कार्ड म्हणतात. दवाखान्यात केसपेपर असतो तसा तो गाडीचा केसपेपर. याशिवाय इंटरनेटवर लोक वर्कशॉपबद्दल जे बरंवाईट लिहितात त्याला उत्तरं देणं आणि गाडीमालकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपकडे लक्ष ठेवणं हेही माझ्याकडे होतं, कारण माझं मराठी टायपिंग बरं होतं.

गाडीबद्दल मत नसलेला माणूस मला सोलापुरात भेटला नाही. गाडी स्वतःची नसली तरी मत असतं. सीटबेल्ट लावला नाही की गाडी टुंग टुंग करते, म्हणून नुसता पट्ट्याचा खटका विकत आणून खाचेत बसवणारे लोक होते. एक यंत्रमागवाले मामा होते, ते गाडीतल्या पडद्यावर कायम टॉवेल टाकून ठेवायचे. "मागं वळून बघायला देवानं मान दिलीय की," म्हणायचे. "टीव्ही बघत गाडी मागं घ्यायची म्हणजे काय?"

पहिल्या दसऱ्याचं सांगतो. खंडेनवमीला, दसऱ्याला आपल्याकडे वाहनांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर गेटबाहेर गाड्यांची रांग. तक्रार सगळ्यांची एकच. गाडी मागं घेताना सारखी ओरडते, आणि पडद्यावर सगळं पिवळं दिसतं. आमचे मुख्य मेकॅनिक सलीमभाई एक बादली, ओलं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन स्टुलावर बसले होते. झालं असं होतं की नव्या गाड्यांच्या मागच्या बंपरला रुपयाएवढे चार गोल असतात. मागं काही आडवं आलं की ओळखणारे ते सेन्सर. पण चार सारख्या अंतरावरचे ते गोल बघून लोकांना वाटलं, कंपनीनं कुंकू लावायला जागाच करून दिलीय. चारी गोलांवर कुंकू, आणि मधल्या कॅमेऱ्याला हळद. वरून झेंडूचा हार. गाडीला वाटत होतं, मागं भिंत आहे.

"आज मैं कुंकू स्पेशालिस्ट," सलीमभाई म्हणाले.

यंत्रमागवाले मामाही रांगेत होते. मी त्यांना म्हणालो, "मामा, कॅमेऱ्याला हळद लावू नका."

"का नको? तो गाडीचा डोळा हाय म्हणून तूच सांगितलंस ना? मग डोळ्याची पूजा नाही करायची?"

पुढच्या दसऱ्याला मी एक कागद तयार करून गेटवर लावला. 'पूजा अवश्य करा, मात्र मागचे चार गोल आणि कॅमेरा सोडून.' माझं छापून लोकांसमोर गेलेलं ते पहिलं लिखाण. निम्म्या लोकांनी ऐकलं. मला त्याचा अजून अभिमान आहे.

आता 'दहा मारणे' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

गाडी ताब्यात दिली की थोड्या वेळात गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर कंपनीचा एक फॉर्म येतो. पहिला प्रश्न, तुमची तक्रार पूर्णपणे दूर झाली का? हो किंवा नाही. दुसरा, दहापैकी किती गुण द्याल? खाली दोन ओळी लिहायला चौकोन. नऊपेक्षा कमी गुण आले की मुख्य ऑफिसमधून विचारणा व्हायची आणि आमच्या वर्कशॉपचं नाव यादीत लाल दिसायचं. म्हणून पद्धत अशी पडली होती की गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतानाच मोबाईल मागून घ्यायचा आणि फॉर्म आपणच भरून टाकायचा. 'हो' दाबायचं, दहा दाबायचे, दोन चांगल्या ओळी लिहायच्या. याला आम्ही दहा मारणं म्हणायचो. "दहा मारलेस का रे?" असं आमचे मॅनेजर पाटील सर संध्याकाळी विचारायचे. ही फक्त आमच्याकडचीच पद्धत होती असं मला वाटत नाही.

मी या कामात पटाईत होतो, आणि त्याचं कारण माझं गाव. गावात कुणाचा कसलाही ऑनलाइन फॉर्म असला की लोक माझ्याकडं मोबाईल घेऊन येतात. पेन्शनचा, पीकविम्याचा, पोरीच्या स्कॉलरशिपचा. "बिरा, एवढं भर की रं." मी मोबाईल हातात घेतो, विचारत विचारत भरतो, आलेला नंबर टाकतो आणि मोबाईल परत देतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून मोबाईल घेऊन बटणं दाबणं म्हणजे त्याची सेवाच, अशी माझी समजूत झाली होती. काउंटरवर मी तेच करत होतो. फरक एवढाच होता की इथं मी विचारत नव्हतो.

गुमास्ते सर मार्चमध्ये पहिल्यांदा आले. शुक्रवार पेठेत राहणारे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांच्या डाव्या पायात जोर उरला नव्हता. क्लच दाबता येत नव्हता. म्हणून त्यांनी क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी छोटी गाडी घेतली होती. अशा गाडीत क्लच असतोच, पण तो पायाऐवजी एक छोटी मोटर आणि तेलाचा पंप दाबतात. आपण फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बघायचं. सरांना ते फार आवडलं होतं. "माझ्या डाव्या पायाचं काम गाडीनं अंगावर घेतलंय," असं ते म्हणाले होते.

तक्रार अशी, की गाडी मध्येच गिअर सोडून द्यायची. इंजिन चालू, पण गाडी पुढं सरकत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत नीट. एकदा मोहोळच्या अलीकडे उड्डाणपुलाच्या चढावर ती अशीच थांबली आणि मागं सरकायला लागली. मागं उसाचा ट्रॅक्टर होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी माझ्या काउंटरवर आली. जॉब कार्डावर लिहिलं होतं, 'चालवून पाहिली, दोष आढळला नाही.' मी ते वाचून दाखवलं.

"नाही कसा?" सर म्हणाले.

"सर, कॉम्प्युटर लावून बघितलंय. सगळं ओके आहे."

"बरं. तुम्ही बघितलंय म्हणजे असेल."

"सर, एक मिनिट मोबाईल देता का? कंपनीचा फॉर्म असतो. मी भरून देतो."

"भर बाबा. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

मी हो दाबलं, दहा दाबले, आणि लिहिलं, 'तक्रार पूर्ण दूर झाली. सर्वांनी मनापासून लक्ष दिले.' इतर पोरं नुसतं 'गुड सर्व्हिस' लिहायची. 'मनापासून' हा माझा शब्द होता. त्यामुळे माझ्या फॉर्मना चांगलं वजन यायचं, असं पाटील सर म्हणायचे.

एप्रिलमध्ये सर परत आले. या वेळी शंभर पानी वही घेऊन. वहीत रकाने आखलेले. ठिकाण, वेळ, तापमान, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकाखाली एक 'थांबली', 'थांबली', 'थांबली नाही', 'थांबली'. भूगोलाच्या माणसाची वही ती. त्यांनी मला बोटानं दाखवलं, "हे बघ. जिथं चाळिसाच्या वर पारा गेलाय तिथंच थांबलीय. सकाळी एकदाही नाही."

मी ते जॉब कार्ड करणाऱ्या साहेबांना सांगितलं. पण वर्कशॉपची एक रीत होती. ट्रायल घ्यायची ती सकाळी नऊला. बारा वाजता मेकॅनिक दुसऱ्या गाड्यांत अडकलेले असतात, आणि कार्ड त्याच दिवशी बंद करायचं असतं. सकाळी नऊला गाडी शहाण्यासारखी चालली. परत तोच शेरा. परत मी मोबाईल मागितला. परत दहा मारले.

सलीमभाईंना मात्र दुखणं कळलं होतं. चहा पिताना ते मला म्हणाले, "बिरू, गाडी धूप में बिमार पडती, और ये लोगां सुबे जाके पूछते, कैसी है तबियत. वो बोलती, अच्छी हूं."

"मग तुम्ही सांगा ना वर."

"बोला मैं. मशीन में फॉल्ट नै दिखा तो नया पार्ट नै मिलता. कायदा है."

मे महिन्यात सर तिसऱ्यांदा आले ते गाडी ओढून आणणाऱ्या ट्रकबरोबर. सोबत त्यांच्या मिसेस होत्या. काकू तिखट बोलायच्या. "पूर्वी यांचा पाय थांबायचा आणि गाडी चालायची," त्या मला म्हणाल्या. "आता पाय चालतोय तर गाडी थांबते. दोघांची एकदम ट्रायल घेता का तुमच्याकडं?"

पाटील सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, उन्हाळा आहे. थोडे दिवस सकाळी लवकर निघत जा. म्हणजे काही प्रॉब्लेम येणार नाही."

तेव्हा गुमास्ते सरांनी जे सांगितलं ते मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. वेळापूरला त्यांची थोरली बहीण असते. अक्का. अंथरुणाला खिळलेली. सकाळभर तिचं आवरणं, मलमपट्टी, आणि तीन वाजता औषध दिलं की ती झोपते. त्यानंतर जाग आली तरी ती कुणाला ओळखतेच असं नाही. दुपारी दोन ते तीन हा एक तास ती नीट बोलते. त्या तासासाठी सर एक शनिवार सोडून एक शनिवार जायचे. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. दोनला पोचायचं तर साडेअकराला निघावं लागतं, आणि रस्ता सगळा उन्हाचा.

"आज आम्ही मोहोळच्या पुढं दीड तास रस्त्यावर होतो," सर म्हणाले. "ती झोपून गेली. आणि पाटील साहेब, गाडी विकताना मला कुणी सांगितलं नव्हतं की ही सकाळची गाडी आहे."

आवाज चढवला नव्हता. सगळं हळू, वर्गात शिकवल्यासारखं. दोन दिवसांनी तोच शेरा मारून गाडी परत दिली, तेव्हा फॉर्म आला आणि सरांनी आपणहूनच मोबाईल पुढं केला. त्यांना वाटलं तो पावतीसारखा काहीतरी भाग आहे. मी तिसऱ्यांदा दहा मारले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या क्षणी वाटली नव्हती हेही खरं आहे. हाताला सवय झाली होती.

जूनमध्ये सरांनी इंटरनेटवर आमच्याबद्दल लिहिलं. पाचपैकी तीन तारे आणि चार ओळी. 'कर्मचारी सौजन्याने वागतात. गाडी चाळीस अंशांच्या वर थांबते. कृपया दुपारी चालवून पाहावी. नोंदींची वही दाखवण्यास तयार आहे.' माझ्याकडे उत्तरांचे पाच ठरलेले नमुने होते. त्यातला दुसरा मी टाकला. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' अर्ध्या तासात सरांचं उत्तर आलं. 'दिलगिरी पोचली. गाडीचं काय?'

याला नमुना नव्हता. मी पाटील सरांना विचारलं. ते म्हणाले, "तीन तारे दिलेत ना? मग राहू दे. एकवाले बघायला वेळ पुरेना, तीनवाल्यांचं कुठं बघत बसू?"

त्याच आठवड्यात एकानं मालकांच्या ग्रुपवर पाटील सरांचा फोटो आणि नंबर टाकून खाली नको नको ते लिहिलं होतं. त्याचा फक्त हॉर्न बिघडला होता. लोकांनी दिवसभर पाटील सरांना फोन करून शिव्या दिल्या. शेवटी मला उशीर होईल असं घरी मुलीला सांगून त्यांनी फोनच बंद केला. त्या माणसाला दोन दिवसांत नवा हॉर्न मिळाला. ग्रुपवर कसं वागावं याचे नियम मीच लिहिले होते. शिवीगाळ नको, कुणाचा खाजगी नंबर नको, तक्रार वस्तूची करा, माणसाची नको. ते नियम पाळणारा एकच माणूस मला माहीत होता आणि त्याचीच गाडी दुरुस्त झालेली नव्हती. मी एकदा गुमास्ते सरांना चाचरत म्हणालो होतो, "सर, जरा कडक लिहा ना." ते म्हणाले, "पस्तीस वर्षं वर्गात ओरडलो नाही. आता गिअरसाठी ओरडू?"

त्यानंतर सर आले नाहीत. गाडी घरासमोर झाकून ठेवलीय असं कळलं. मला वाटलं, सोडून दिलं असेल.

सोडलं नव्हतं. डिसेंबरमध्ये एका दुपारी रिक्षातून काठी टेकत उतरले, काकू बरोबर. त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली होती. वकील न लावता, स्वतः लिहून. तसं करता येतं हे मला बी.कॉम.ला शिकूनही माहीत नव्हतं. आता तिथं कंपनीकडून उत्तर दाखल झालं होतं. सरांनी तो कागद काउंटरवर ठेवला. "बिराप्पा, हे जरा वाच."

मी वाचलं. 'तक्रारदाराने तीनही वेळा तक्रार पूर्ण दूर झाल्याचे स्वतः कळवले असून दहापैकी दहा गुण दिले आहेत.' पुढच्या पानावर तीन फॉर्म छापलेले. तिन्हीत एक ओळ सारखी. 'सर्वांनी मनापासून लक्ष दिले.'

"मी आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत रे," सर म्हणाले. "भूगोलात तर नाहीच."

"मलासुद्धा नाही दिले," काकू म्हणाल्या.

मग सर थोडं वाकून, हळू आवाजात म्हणाले, "मला आठवतच नाही हे लिहिल्याचं. माझंच बोट कुठं चुकून लागलं असेल का? वय झालं. हल्ली मला खात्री वाटत नाही."

ते मला पकडायला आले नव्हते; काउंटरवर मी भरायचो तो पावतीसारखा फॉर्म म्हणजेच हा, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते मला विचारायला आले होते. तेव्हा मी सांगायला हवं होतं. पाटील सर काचेच्या केबिनमध्ये होते. मी म्हणालो, "बघतो सर, मशीनचं काहीतरी असेल." सर बरं म्हणाले आणि काठी टेकत रिक्षाकडे गेले.

संध्याकाळी घरी गेलो. आई मेंढरांना पाणी दाखवत होती. जेवायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. सेन्सर, फॉर्म, गुण यातलं तिला काय कळेल असं वाटलं होतं. आई सही करत नाही, अंगठा लावते. रेशन दुकानात मशीनवर अंगठा उमटला नाही की दुकानदार मनगट धरून दाबायला बघतो. आई हात मागं घेते. "अंगठा माजा हाय. मी लावीन," म्हणते.

तिनं बादली खाली ठेवली. "म्हंजी त्येंचा अंगठा तू लावलास व्हय रं?"

"तसं नाही गं. फॉर्म होता."

"त्येच की. त्येंनी लावला न्हाय, तू लावलास. आन् त्ये म्हातारं सवताच्या डोस्क्याला दोष देत बसलंय."

मी बादली उचलायला वाकलो.

"शाळा कुटवर शिकलास म्हनायची ही?" ती म्हणाली आणि बादली उचलून पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाटील सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "सर, गुमास्ते सरांचे तिन्ही फॉर्म मी भरले होते. मला ते लिहून द्यायचंय." पाटील सर वाईट माणूस नव्हते. माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला नेहमी सुट्टी दिली होती. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "पद्धत मी शिकवली, तू नाही पाडलीस. लिहून देणार तर दे. मी अडवत नाही. पण त्यानंतर तुला इथं ठेवणं माझ्या हातात राहणार नाही, हे समजून दे."

रविवारी मी शुक्रवार पेठेत सरांच्या घरी गेलो. दारात उभं राहूनच सांगितलं. सर खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझं बोट चुकलं नव्हतं," एवढंच म्हणाले. मला रागावतील असं वाटलं होतं. काकू रागावल्या. "मेल्या, तो कागद आल्यापासून हे घरात फॉर्मसुद्धा भरत नाहीत. लाइटबिल मी भरतेय, चुकेल म्हणून!" आणि मग आत जाऊन चहा टाकला.

मी सरांना म्हणालो, "तुम्ही सांगा सर, मी लिहितो."

"नाही," सर म्हणाले. "मी सांगितलं तर ते परत तसंच होईल. तुझं तू लिही."

तिथं बसून मी दीड पान लिहिलं. माझं काम काय होतं, मोबाईल कसा मागायचो, काय दाबायचो, 'मनापासून' हा शब्द कुणाचा. कोर्टाजवळच्या टंकलेखकानं ते प्रतिज्ञापत्राच्या कागदावर उतरवलं. जानेवारीत ते दाखल झालं आणि महिनाअखेरीला माझी नोकरी संपली. शेवटच्या दिवशी सलीमभाईंनी मला तो कुंकू काढायचा टूथब्रश दिला. "डिग्री है ये, संभाल के रख," म्हणाले.

आता मी गावातल्या लोकांचे फॉर्म भरतो, पण मोबाईल त्यांच्याच हातात ठेवतो. मी शेजारी बसून वाचून दाखवतो, बोट त्यांचं. एक फॉर्म भरायला तिप्पट वेळ लागतो आणि लोक वैतागतात. "तूच दाब की रं, कशाला कटकट," म्हणतात. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. सरांचे तीन फॉर्म मी कबूल केले. बाकीच्या लोकांचे मी मारलेले दहा अजून तसेच आहेत. त्यातल्या किती जणांची गाडी खरंच दुरुस्त झाली होती, मला माहीत नाही. कदाचित त्यातल्या कुणाला मी लिहिलेलं आजही नडत असेल.

फेब्रुवारी, मार्च काही कळलं नाही. सरांना फोन करायचा धीर होत नव्हता. एप्रिलच्या शेवटी सलीमभाईंचा फोन आला. आयोगानं गाडी दोन्ही बाजूंसमोर तपासायला सांगितली होती, आणि सरांच्या विनंतीवरून वेळ ठरली दुपारी एकची. सलीमभाईच चालवत होते. "बीस मिनट में खडी हो गयी, बिरू. मैं इतना खुश हुआ, गाडी बंद पडी करके! लोगां देखते रह गये." तडजोड झाली. क्लच दाबणारा तो मोटर-पंपाचा सगळा भाग नवा बसवला. डिलिव्हरीच्या वेळी फॉर्म आला तेव्हा काउंटरवरच्या नव्या पोरीनं सवयीनं मोबाईल मागितला. सरांनी दिला नाही. चष्मा घालून, काउंटरला टेकून, स्वतः भरला. दहापैकी सात.

"तीन क्यूं काटे, पूछा मैं," सलीमभाई म्हणाले. "बोले, उशिराबद्दल."

पण नवा भाग बसला म्हणजे गाडी चालेलच असं नाही, हे मला वर्कशॉपनं शिकवलं होतं. खरी परीक्षा मे महिन्याची. मी वाट बघत राहिलो.

मेच्या दुसऱ्या शनिवारी मी मेंढरांमागं होतो. दुपारी मोबाईल वाजला. सरांचा मेसेज. आधी कधी त्यांनी मला मेसेज केला नव्हता. मजकूर काही नव्हता, फक्त वहीच्या पानाचा फोटो. ऊन इतकं होतं की पडद्यावर काही दिसेना. मी बाभळीच्या सावलीत गेलो आणि हाताची ओंजळ करून वाचलं. तेच रकाने, तेच अक्षर.

मोहोळ. १२:१५. तापमान ४१. थांबली नाही.

पंढरपूर. १:१०. तापमान ४३. थांबली नाही.

वेळापूर. १:५५. तापमान ४३. शेरा: अक्का जागी होती.